गजावरचे दोन ठोके

मूंटा,
४ नोव्हेंबर १९३६

चि. थर्झाबाळ,

अनेक आशीर्वाद. आधी तुझं सांग, मग बाकीच्यांचं. खोकला गेला का? क्लेमची कंबर कशी आहे? रुळांखालचे स्लीपर उचलताना गुडघ्यात वाक म्हणावं, कमरेत नको. जावईबापू ऐकायचे नाहीत, पण सांगणं आपलं काम. शेळी नव्या जागी दूध देते की रुसून बसली? कोंबड्या सगळ्या पोचल्या का? एवढ्या प्रवासात एखादी दगावतेच. इथे तुझ्या आईचे गुडघे हवा बदलली की कुरकुरतात, पण जीभ शाबूत आहे. मला अलीकडे कमी ऐकू येतं, त्यामुळे चर्चमधलं प्रवचन पूर्वीपेक्षा बरं वाटतं.

एवढ्या मोठ्या लाइनीवर रेल्वे खात्याला तुम्हाला धाडायला विरापिनाच सापडलं, हे काही माझ्या मनाला येत नाही. क्लेम गँगचा मुकादम, त्याला जिथे रूळ तिथे जावं लागणार, हे मान्य. पण स्टेशनचं काम तू अंगावर घ्यायला नको होतंस. आता घेतलंच आहेस, तर तिथे नऊ वर्षं काढलेल्या म्हाताऱ्याचं ऐक.

विरापिना आणि पुढचं स्टेशन कोलाबी यांच्यामध्ये एकच लाइन, आणि त्या लाइनीचा एकच लोखंडी लाल दांडका. दांडका ज्याच्या हातात, लाइन त्याची. दोन गाड्या एकामागून एक एकाच दिशेला सोडायच्या असतील, तर पहिलीला कागदाची चिठ्ठी द्यायची आणि मागच्या गाडीबरोबर दांडका धाडायचा. पण चिठ्ठी देण्याआधी ड्रायव्हरने दांडका डोळ्यांनी पाहिला पाहिजे, हाताने शिवला पाहिजे. मगच चिठ्ठी. ड्रायव्हर घाईत असो, सासरा असो की देवदूत असो, दांडका शिवल्याशिवाय कागद द्यायचा नाही.

दुसरं, उत्तरेचा वारा सुटला आणि आभाळ विटेसारखं लाल झालं की खिडक्यांना ओली चादर लाव आणि आत बस. बाहेर बघायला जाऊ नकोस. तिथे धुळीशिवाय बघण्यासारखं काही नाही.

तिसरं, ऑफिसातल्या शेगडीपाशी एक लोखंडी सळई असेल, निखारे सारायची. ती जुनी झाली आहे. टाकून दे, लांब.

तुझा,
जॅबेझकाका


विरापिना,
१९ नोव्हेंबर १९३६

प्रिय जॅबेझकाका,

खोकला गेला. क्लेमची कंबर तुमचा निरोप ऐकूनही तशीच आहे. तो म्हणतो, "काका मूंट्यात बसून उंटावरून शेळ्या हाकतात." शेळी रुसली होती, आता माझी टोपी खाल्ल्यापासून खुशीत आहे. कोंबड्या नऊ निघाल्या, आठ पोचल्या. दोन्ही वेळा मीच मोजल्या, तेव्हा गार्डवर आळ घेत नाही. आईला सांगा, पाय शेकत जा.

जागा वाईट नाही. एक खोली ऑफिसची, दोन आमच्या, पाण्याची टाकी, आणि चहूकडे क्षितिजापर्यंत काही नाही. ऑफिसच्या दारामागे तुमचा खिळा अजून आहे, दांडका टांगायचा. शेगडीची सळईही आहे. चांगली जड आहे, का टाकू? इथे सळई मिळायला तीनशे मैल जावं लागेल.

काका, एक गोष्ट तुम्हाला विचारायची आहे. परवा दुपारी तीनच्या सुमाराला पहिली लाल धूळ आली. चादर लावली आणि बसले. तेवढ्यात शिट्टी ऐकू आली, एक लांब आणि दोन तोकड्या. मी घाबरून कोलाबीला फोन केला. तिथले ट्रेलोअर म्हणाले, "बाई, आज मंगळवार, लाइनीवर कुत्रंसुद्धा नाही." पण शिट्टी जवळ आली, अगदी टाकीपाशी, आणि थांबली. इंजिन उभं राहिल्यावर वाफेचा जो उसासा निघतो तोही ऐकला. मी खिडकीपाशी गेले नाही. तुम्ही सांगितलं होतंत म्हणून नव्हे, पायच उचलेना म्हणून.

क्लेम संध्याकाळी आला आणि हसला. म्हणाला, एकटी बसून तुझे कान वाजायला लागले. त्या दिवशी मीही हसले.

बाबा गेले ते वळण इथून तीन मैलांवर आहे. लहानपणापासून एकच ऐकत आले, की एनोक ट्रेगेन्झा चिठ्ठी न घेता लाइनीत घुसला, स्वतः मेला आणि फायरमन पास्कोलाही घेऊन गेला. चर्चमध्ये पास्कोची आई आमच्या बाकावर कधी बसली नाही. मला वाटायचं ते वळण भयंकर असेल. क्लेमच्या रुळांवरच्या ढकलगाडीवर बसून पाहून आले. साधी खिंड आहे, दोन्हीकडे लाल दगड. एवढ्याशा जागेने आमचं नाव घालवलं.

तुमची,
थर्झा


मूंटा,
२७ नोव्हेंबर १९३६

चि. थर्झाबाळ,

पत्र पोचलं. सगळे ठीक. तुझ्या आईने केशर घालून केक केला आहे, तो पार्सलने धाडतो. उंदरांच्या आधी खा.

शिट्टीचं म्हणशील तर तारेच्या खांबांवरून वारा गेला की असे आवाज येतात. मी नऊ वर्षांत सगळे ऐकले आहेत, बँडसुद्धा. त्यात काही नाही.

पण एक लांब आणि दोन तोकड्या, हे तू नीट ऐकलंस का? आठवून लिही.

क्लेमने बदलीचा अर्ज करावा हे बरं. खालच्या भागात माणसं हवीच असतात. मी साहेबाला दोन ओळी लिहू का? तो मला ओळखतो. आणि सळई टाक म्हटलं होतं. वडीलधाऱ्याचं एवढं तरी ऐकावं.

जॅबेझकाका


विरापिना,
१४ जानेवारी १९३७

प्रिय काका,

बरेच दिवस लिहिलं नाही. नाताळाचं पार्सल मिळालं, आईचे मोजेही. क्लेमची कंबर आता बरी आहे, पण त्याचा एक माणूस, बर्ट होकिंग, पाय मोडून दवाखान्यात पडला आहे. तेच सांगायला बसले आहे. क्रमाने सांगते, नाहीतर तुम्हाला मी वेडी वाटेन.

सोमवारी धूळ आली. खालची मालगाडी सकाळीच कोलाबीकडे गेली होती, दांडका तिच्याबरोबर. म्हणजे खिळा रिकामा. तीनला शिट्टी झाली. एक लांब, दोन तोकड्या. या वेळी मी चादर बाजूला केली. घाबरून घाबरून किती दिवस बसायचं?

इंजिन टाकीपाशी उभं होतं. जुन्या घाटाचं, उंच धुराड्याचं. तशी आता कुठे उरली आहेत? धुळीतून त्याचं काळं अंग तेवढं दिसत होतं आणि आत दोन माणसं. त्यातला एक खाली वाकला आणि त्याने खिडकीकडे हात केला. डावा हात, तळवा वर. करंगळी नव्हती. काका, धूळ अशी उडत होती की मला माझा एप्रन दिसत नव्हता, पण त्या हाताच्या रेघा दिसत होत्या. तो काही मागत होता. मला वाटलं, दांडका बघायचा आहे. मी मागे वळून रिकाम्या खिळ्याकडे पाहिलं आणि तशीच नकाराची मान हलवली.

आणि माझ्या पाठीमागे, खिडकीच्या लोखंडी गजावर, दोन ठोके पडले. ठण्, ठण्. खोलीत मी एकटी होते. वळून पाहिलं तर शेगडीची सळई जमिनीवर पडलेली. उचलायला गेले तर हात पोळला. जानेवारीच्या या उन्हाळ्यात मी शेगडी पेटवतच नाही.

ठोके ऐकताच इंजिन हललं आणि कोलाबीच्या दिशेने निघून गेलं. मी फोनवर ओरडत राहिले. क्लेम आणि त्याची माणसं ढकलगाडी घेऊन वळणात होती. धुळीत त्यांना दिसलं काहीच नाही. रुळांत थरथर आली तेवढी कळली. क्लेमने उडी मारली, बाकीच्यांनीही. बर्टचा पाय अडकला. ढकलगाडी अशी चेचली गेली की तिची चाकं दोनशे पावलांवर सापडली. खात्याने लिहिलं, वावटळ. क्लेम हल्ली वळणात शिरण्याआधी रुळाला कान लावतो. आता हसतही नाही.

आणखी एक. दुसऱ्या दिवशी कागद टोचायच्या तारेवर एक जुनी चिठ्ठी सापडली. कडा जळलेल्या. नंबर ३७, एका इंजिनाला विरापिनाहून कोलाबीला जायची परवानगी, तारीख १८ फेब्रुवारी १९१४. सही तुमची आहे. तो तर बाबा गेले तो दिवस. ही कुठून आली?

थर्झा


मूंटा,
२० जानेवारी १९३७

थर्झा,

जुन्या ऑफिसात जुने कागद निघतात. दुसऱ्या कुठल्या तरी गाडीची असेल. जाळून टाक. तुझ्या आईला यातलं काही लिहू नकोस, तिला झोप लागत नाही.

बर्टला बरं वाटो. धूळ आली तर दोघांनी घर सोडून पाण्याच्या चराकडे जा. बदलीचं मी बघतो आहे.

जॅबेझ


विरापिना,
२ फेब्रुवारी १९३७

प्रिय काका,

तुम्ही एवढं तुटक पत्र मला जन्मात लिहिलं नव्हतं. तब्येत बरी आहे ना?

चिठ्ठी मी जाळली नाही. आणि आईला लिहिलं. चिठ्ठीबद्दल नव्हे, एवढंच विचारलं, की बाबांच्या हाताला काही खूण होती का. तिचं उत्तर आजच्या गाडीने आलं: "डब्याच्या साखळीत डावी करंगळी गेली होती. लग्नात अंगठी घालताना मी चुकून त्याच बोटाची जागा चाचपली आणि तो हसला होता. तुला कुणी सांगितलं?"

तर तो बाबाच आहे. मी तीन वर्षांची होते, चेहरा आठवत नाही. खिडकीतून हातच दिसला, तोच आता चेहऱ्यासारखा आठवतो.

मी पुष्कळ विचार केला. बाबा चिठ्ठी न घेता गेले असं सगळे म्हणतात. म्हणून ते येतात आणि या वेळी नियमाने दांडका बघायला मागतात, असं मला वाटतं. आत्तापर्यंत दोन्ही वेळा खिळा रिकामा होता. आता मी ठरवलं आहे. पुढच्या धुळीला दांडका इथे असला, तर मी बाहेर जाणार, त्यांच्या हातात देणार आणि ती जळकी चिठ्ठीही देणार. त्यांचा जीव कशात अडकला असेल तो सुटू दे. माझ्या हातून बापासाठी एवढं तरी व्हावं.

क्लेमला वळणातले स्लीपर बदलायचं काम लागलं आहे, महिनाभर तो तिथेच. तो नको म्हणतो. त्याला सांगितलं, भुताने तुझं काय घोडं मारलं आहे? तो म्हणाला, घोडं नाही, ढकलगाडी.

तुम्हाला शेवटचं विचारते. चिठ्ठीवर सही तुमची आहे की नाही?

थर्झा


मूंटा,
६ फेब्रुवारी १९३७

माझ्या लेकरा,

हे पत्र गार्डच्या हातात देतो आहे, टपालात नाही. मी मंगळवारच्या गाडीने पाठोपाठ येतो. तोवर त्या हातात काही देऊ नकोस. दांडका नको, चिठ्ठी नको, पाण्याचा पेला नको. क्लेमला वळणावरून काढ, लागलं तर भांडण करून.

सही माझी आहे.

कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. मी तेवीस वर्षं झाकून बसलो होतो.

माझी आणि एनोकची एक खोड होती. धूळ असली की दांडका घेऊन बाहेर जायचा मला कंटाळा आणि थांबायचा त्याला. मग मी आतूनच दांडका खिडकीच्या गजावर दोनदा वाजवायचो. ठण्, ठण्. म्हणजे दांडका माझ्या हातात आहे, लाइन मोकळी आहे. तो शिट्टी द्यायचा, एक लांब, दोन तोकड्या, आणि जायचा. नियमात डोळ्यांनी बघायचं होतं. आम्ही भाऊ होतो, कानांवर भागवायचो.

त्या दिवशी दांडका सकाळी खडीच्या गाडीबरोबर गेला होता. ती रोज एकला परत येऊन सायडिंगला लागायची आणि तिचा गार्ड स्वतःच आत येऊन दांडका खिळ्यावर अडकवायचा. मी उन्हाने डुलकी काढत होतो. एनोक आला तेव्हा तीन वाजले होते. मागून मेंढ्यांची गाडी यायची होती, म्हणून त्याला चिठ्ठीवर सोडायचं होतं. खिळ्यावर माझा कोट होता. कोटाखाली दांडका असणारच, असं धरून चाललो. खिळा दोन पावलांवर होता, बाळा. कोट उचलायला दोन पावलं. हाताशी शेगडीची सळई होती. मी सळईने ठोकलं.

पास्को खिडकीशी येऊन चिठ्ठी घेऊन गेला. वीस मिनिटांनी आवाज आला. खडीची गाडी उशिरा निघाली होती, दांडका तिच्यावर होता. खडीवाल्यांनी उड्या मारल्या.

मी तीन मैल धावलो. पास्को गेला होता. एनोक जिवंत होता. त्याने त्याच डाव्या हाताने खिशातून चिठ्ठी काढली आणि माझ्याकडे दिली. म्हणाला, "माझ्याकडे चिठ्ठी होती, जॅबेझ. जपून ठेव, विचारतील." मग गेला.

मी ती जपून ठेवली नाही. शेगडीत घातली, चिठ्ठ्यांच्या पुस्तकात उरलेला तिचा अर्धा भागही. चौकशीत सांगितलं, तो थांबलाच नाही. तुला मी पाटी-पेन्सिल दिली, मांडीवर बसवून अक्षरं गिरवून घेतली, तुझ्या लग्नात बापाच्या जागी उभा राहिलो. ते सगळं प्रेमाने केलं. पण त्या प्रेमाखाली काय होतं ते आता तुला कळलं.

तो दांडका मागत नाही. त्याने जपायला दिलेली चिठ्ठी मागतो आहे. आणि ती द्यायची नाही, कारण मी लिहिली तेव्हाच ती खोटी होती. खोट्या चिठ्ठीवर तो पुन्हा त्याच वळणात जाईल, आणि तिथे तुझा नवरा आहे. त्याला खरी चिठ्ठी हवी, मोकळ्या लाइनीची, आणि ती ज्याने खोटी दिली त्यानेच लिहायला हवी.

मी येतो.

जॅबेझ


विरापिना,
१७ फेब्रुवारी १९३७

चि. थर्झा,

तू माझ्याशी एक शब्द न बोलता गाडीत बसलीस ते बरोबरच केलंस. बोलली असतीस तर मी मऊ झालो असतो. मूंट्याला सुखरूप पोचलीस का? आईच्या हातात पाकीट दिलंस का? त्यात सगळं लिहून सही केली आहे. दुसरी प्रत साहेबाला, तिसरी पाळकाला. तुझी आई काय म्हणाली ते मला कळवू नकोस. किंवा कळव.

खात्याने मला आठवडाभर तुझ्या बदली ठेवलं आहे. माणसं कमी, आणि मी फुकट. क्लेम गँग घेऊन इकडच्या बाजूला, टाकीपलीकडे तंबूत आहे. मघाशी त्याने मला चहा आणून दिला आणि म्हणाला, "म्हातारबुवा, पळायचं असेल तर माझी नवी ढकलगाडी देतो." तो चहा त्याने माझ्या अंगावर ओतला नाही, एवढ्यावर मी त्याचा ऋणी आहे.

शेळी तुला शोधते. माझ्याजवळ येत नाही. जनावराला कळतं.

तयारी सांगतो, म्हणजे तुझ्या मनाला घोर नको. दांडका इथे आहे. कोट मी बाहेर कुंपणावर टांगला आहे, खिळ्यावर नाही. अर्ध्या तासात चारदा जाऊन दांडक्याला हात लावून आलो. ट्रेलोअरला फोन केला, लाइन मोकळी. दांडका माझ्या हातात आहे तोवर त्या लाइनीत दुसरं चाक शिरू शकत नाही. तेव्हा आज मी चिठ्ठी लिहिली तर ती खरी होईल. सळई मी टाकीपलीकडे पुरली. मघाशी आत आलो तर शेगडीपाशी उभी होती. असू दे. या वेळी ठोकायचं नाही, बाहेर जायचं आहे. दांडका त्याला डोळ्यांनी दाखवायचा, हाताने शिवू द्यायचा, मग चिठ्ठी.

एनोक नेहमी म्हणायचा, "एकदा वर ये जॅबेझ, इंजिनातून ते वळण कसं दिसतं बघ. तू इथे बसून आम्हाला पाठवत असतोस." मी म्हणायचो, येईन, येईन.

उत्तरेकडे आभाळ विटेसारखं झालं आहे. अडीच वाजले. हे पत्र क्लेमकडे देतो.

तुझा काका म्हणवून घ्यावं की नाही कळत नाही.
जॅबेझ


विरापिना,
११ मार्च १९३७

प्रिय जॅबेझकाका,

तुम्ही कसे आहात, हे पहिलं विचारायची सवय, म्हणून विचारते.

इथे क्लेम बरा आहे. बर्ट कुबड्यांवर चालतो. शेळीला करडू झालं. आईच्या गुडघ्यांचं तेच. तिने तुमचं पाकीट उभ्यानेच वाचलं आणि म्हणाली, "तेवीस वर्षं दर रविवारी माझ्या ताटात जेवला." रविवारी तिने पाळकाला ते सगळ्यांपुढे वाचायला लावलं. वाचून झाल्यावर पास्कोची आई काठी टेकत आली आणि आमच्या बाकावर बसली. घरी येऊन आईने बाबांचा फोटो पेटीतून काढून भिंतीवर लावला. तुमची खुर्ची मी उचलायला गेले तर म्हणाली, राहू दे तिथेच. का, ते मी विचारलं नाही.

त्या दिवसाचं क्लेमने सांगितलं ते असं. धूळ बसल्यावर तो ऑफिसात आला. तुम्ही नव्हता. तुमची टोपी टेबलावर होती. दांडका खिळ्यावर नव्हता. तो शोधतच होता तेवढ्यात कोलाबीहून ट्रेलोअरचा फोन आला, की तुमचा दांडका माझ्या खिळ्यावर कसा? गाडी तर आलीच नाही. तो म्हणाला, दांडका अजून कोमट आहे.

पुस्तकातली एक चिठ्ठी फाडलेली आहे. तिचा अर्धा भाग जागेवर, तुमच्या ठसठशीत अक्षरात, वेळ तीन वाजून दहा. "ड्रायव्हरने दांडका पाहिला व शिवला" या ओळीपुढे सही नाही. कोळशाने माखलेल्या हाताचा ठसा आहे. तीन बोटं आणि अंगठा. मी रोज त्यावर माझा हात ठेवून बघते.

खात्याने तुम्हाला बेपत्ता लिहिलं आहे. गँगने वळणापर्यंत चार दिवस शोधलं.

आता जे मी कुणाला सांगितलेलं नाही ते. मी परत आल्यापासून दोनदा धूळ झाली. गाडी दोन्ही वेळा आली. आता ती थांबत नाही, हात पसरत नाही, ठोकेही पडत नाहीत. शिट्टी देते आणि जाते. मी वळणाकडे कान लावून बसले, तिकडून कसलाही आवाज आला नाही. पूर्वी आत दोघं दिसायचे. आता तिघं आहेत. तिसऱ्याच्या डोक्यावर टोपी नाही.

परवा गाडी जराशी हळू झाली. तुम्ही पायरीपर्यंत आला होता, एक पाय खाली सोडलेला. बाबांचा हात तुमच्या खांद्यावर होता. मायेने ठेवला होता की धरून ठेवला होता, ते धुळीत मला दिसलं नाही. तेवढं कळलं तर मला झोप लागेल.

मी रागावले आहे, काका. बाबांसाठी, आईसाठी, आणि सगळ्यात जास्त, तुम्ही मला अक्षरं शिकवलीत म्हणून. पण टोपी मी खिळ्यावर अडकवून ठेवली आहे.

हे पत्र टपालात टाकून उपयोग नाही. चालत्या गाडीला कागद देतो तसं वेताच्या कड्याला बांधून मी रुळांच्या कडेला उभी राहणार आहे, हात उंच करून. क्लेमला सांगितलेलं नाही. सकाळपासून वारा उत्तरेचा आहे आणि शेळी आवाज करत नाही. खाली दोरीत पेन्सिल आणि कोरा कागद अडकवला आहे. कडं तुमच्या हाती लागलं, तर दोनच ओळी लिहा आणि येत्या धुळीला माझ्याकडे टाका. वेळ लावू नका.

वाट बघते,
थर्झा